खरचटलेला गुडघा आणि प्रथमोपचार पेटीची किल्ली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपुरातल्या शाळांची गॅदरिंगं आणि खेळांच्या स्पर्धा तोंडावर आल्या आहेत. मैदानं मुरमाची आणि पोट्टे उधळलेले, म्हणजे पुढचे दीड महिने गुडघे आणि कोपरं सोलून निघणार हे ठरलेलं. मी सदतीस वर्षं ड्रेसिंग रूममध्ये काढली. १९८१ साली नोकरीला लागले, २०१८ साली निवृत्त झाले. त्यामुळे या विषयावर माझं पत्र आखूड होणं अवघड आहे. आपण कात्री जरूर चालवा, फक्त पाण्याचा आणि पेटीचा भाग तेवढा राहू द्या.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी माझा नातू शाळेतून लंगडत आला. तिसरीत आहे. रिलेच्या सरावात घसरला होता. उजव्या गुडघ्यावर पुरीएवढं सालटं निघालेलं, त्यावर निळं औषध फासलेलं आणि त्या औषधात कापूस चिकटून बसलेला. सकाळी अकराला पडला होता आणि घरी आला दीडला. तोवर कापूस, रक्त आणि निळा रंग यांचा मिळून एक घट्ट पापुद्रा झाला होता.

त्याला न्हाणीत पाटावर बसवलं. कापूस ओढला नाही. तांब्याने साधं कोमट पाणी बारीक धारेने सोडत राहिले. पाच-सात मिनिटांत कापूस फुगला, कडेने सुटला आणि आपोआप घसरून पाटावर पडला. खाली पाहते तर मुरमाचे लाल कण जागच्या जागी. म्हणजे शाळेत धुतलंच नव्हतं. पोपडे न खरवडता भिंतीला चुना मारावा, तसा वरून रंग दिला होता. मग ओल्या गॉजच्या टोकाने एकेक कण टिपला. जे रुतले होते ते उकळत्या पाण्यात बुडवून घेतलेल्या चिमट्याने काढले. "आजी, झोंबते!" म्हणून एकदा ओरडला, मग कण मोजायला लागला. सतरा निघाले. मोजण्याच्या नादात रडायचं विसरला.

हे इतकं बारकाईने सांगण्याचं कारण माझ्या डाव्या कोपरावर आहे. शाळेत असताना मी सायकलवरून डांबरी रस्त्यावर पडले होते. आईने हळद भरली, कपडा बांधला, जखम भरलीही. पण तीन काळपट निळे ठिपके कोपरावर कायमचे राहिले, गोंदल्यासारखे. डांबराची खडी आणि धूळ कातडीत राहिली आणि वरून कातडी आली की ती आतच कोंडली जाते. पुढे ती काढायची म्हणजे त्वचेच्या डॉक्टरांकडे लेझर वगैरे खर्चाचं काम. पडल्या दिवशीच, फार तर दुसऱ्या दिवशी, साफ केलं तर हा प्रश्नच येत नाही. घरी निघत नसेल तर दवाखान्यात जावं, तिथे भूल देऊन घासून काढतात. टू-व्हीलरवरून घसरलेल्यांना तर हे आवर्जून सांगते. आपल्या सिमेंट रोडच्या कडेला गट्टूच्या, म्हणजे फरसबंदीच्या सिमेंट ठोकळ्यांच्या, फटीत जी बारीक वाळू साचलेली असते ना, ती मांडीत नि हातात कशी जाऊन बसते ते मी पुष्कळ पाहिलं आहे.

पाण्याबद्दल लोकांना उगाच शंका असते. पिण्याजोगं नळाचं पाणी चालतं. साध्या जखमा नळाच्या पाण्याने धुतल्या काय किंवा सलाईनने धुतल्या काय, जखम पिकण्याच्या प्रमाणात फरक दिसत नाही, हे अभ्यासांतून दिसलं आहे. खरा प्रश्न पाणी किती वेळ सोडता हा आहे. दोन चुळांएवढं पाणी शिंपडून भागत नाही. नळाखाली पाच मिनिटं धरा, धारेला थोडा जोर असू द्या. साबण भोवतालच्या कातडीला लावा, आत घासू नका.

आता मला स्वतःबद्दल जे सांगायचं आहे, ते सांगते. नोकरीची पहिली दहा-बारा वर्षं मी प्रत्येक पेशंटला एकच वाक्य म्हणायची, "उघडी ठेवा, हवा लागू द्या, खपली धरू द्या." आम्हाला तसंच शिकवलं होतं. ट्रेमध्ये लाल औषध, टिंचर आयोडिन, स्पिरिट आणि फेस येणारं हायड्रोजन पेरॉक्साइड. लाल औषध लावलं की आई-बाप खूश, कारण काहीतरी केलेलं दिसायचं. त्या लाल औषधात, मर्क्युरोक्रोममध्ये, पारा होता. अमेरिकेच्या औषध खात्याने १९९८ साली ते सुरक्षित मानल्या जाणाऱ्या औषधांमधून काढून टाकलं. आणि पेरॉक्साइडचा फेस? "फेस आला म्हणजे जंतू मरत आहेत" असं मीही सांगत असे. तो फेस आपल्याच रक्तात आणि पेशींत असलेल्या एका द्रव्यामुळे येतो. स्वच्छ जखमेवरही येतो. जंतूंबरोबर नवी कातडी विणणाऱ्या पेशीही त्यात भाजतात. स्पिरिटचंही तेच. चिमटा पुसायला उत्तम, पण जखमेत नको.

मग आमच्याकडे प्लास्टिक सर्जरीचे एक तरुण डॉक्टर आले. त्यांनी आम्हा सिस्टर लोकांना एका दुपारी चहाच्या वेळेला समजावलं. १९६२ साली जॉर्ज विंटर नावाच्या इंग्रज संशोधकाने डुकरांच्या पाठीवर सारख्या आकाराच्या उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, काहींवर पातळ पॉलिथीन चिकटवलं. झाकलेल्या, आत ओलावा राहिलेल्या जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. पुढच्याच वर्षी माणसांवरच्या जखमांतही तसंच दिसलं. मी मनात हिशेब केला, १९६२ साली मी दोन वर्षांची होते. म्हणजे मी ड्रेसिंग रूममध्ये पाऊल टाकण्याच्या एकोणीस वर्षं आधी हे छापून आलं होतं, आणि तरीही मी लोकांना हवा खाऊ घालत होते.

आमच्या घरी हे सांगितलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "पॉलिथीन म्हणजे पन्नीच ना? माझा खर्रा येते तशी?" हो, तंबाखू-सुपारीचा खर्रा ज्यात बांधून मिळतो तशीच, पण कृपा करून कोणी खर्ऱ्याची पन्नी जखमेवर बांधू नका. मुद्दा पन्नीचा नाही, आत राहिलेल्या ओलाव्याचा आहे.

होतं असं की, खरचटतं तेव्हा कातडीचा फक्त वरचा थर जातो. केसांची मुळं, घामाच्या ग्रंथी खाली शाबूत असतात. नवी कातडी कडेने येते तशीच या मुळांमधूनही उगवते आणि पेशी सरकत सरकत एकमेकींना भेटतात. वर ओल असली तर त्या सरळ सरकतात. वर वाळून कडक खपली झाली की त्यांना खपलीखालून, जिथे ओल असेल तिथून, खणत जावं लागतं. आपल्याकडच्या काळ्या रानात मे महिन्यात भेगा पडतात, तेव्हा तिथे काय रुजतं? खपली निघू नये म्हणून आपण जपतो खरं, पण पोरगं शेवटी ती नखाने काढतंच. मग पुन्हा रक्त, पुन्हा खपली, आणि शेवटी डाग.

नातवाचं मी काय केलं, ते असं. धुतल्यावर स्वच्छ कपड्याने भोवतालचं टिपून घेतलं. जखमेवर साध्या व्हॅसलिनचा थर दिला, नव्या ट्यूबमधलं, डबीत बोट घालून घेतलेलं नव्हे. वर न चिकटणारी जाळी, त्यावर गॉज, आणि कागदी चिकटपट्टी. पट्टी लावताना गुडघा थोडा वाकवून ठेवला, नाहीतर पहिल्या मांडीलाच सुटते. रोज एकदा बदलली, आणि मैदानातून भिजून आला त्या दिवशी दोनदा. ओलावा म्हणजे गिळगिळीत नव्हे. कडेची कातडी पांढरी पडून सुरकुतली, जास्त वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी, की समजावं जास्त झालं. मग थर पातळ करावा, पट्टी लवकर बदलावी.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा सूनबाई घाबरली. गॉजवर पिवळसर पाणी होतं. तो पू नव्हे. लस असते ती, पातळ, वास नसलेली, पहिले दोन-तीन दिवस येतेच. पू घट्ट असतो आणि बहुधा घाण वास मारतो. त्याच्यासोबत लाली रोज वाढत जाते, गरम लागतं, ठणका वाढतो, कधी तापही येतो. लालीची रेघ वर सरकताना दिसली तर रात्रीसुद्धा दवाखाना गाठावा. लाली वाढते की कमी होते हे कळत नसेल तर तिच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून ठेवा आणि सकाळी बघा. ही युक्ती मला एका वॉर्डबॉयने शिकवली होती, आणि ती माझ्या सगळ्या ट्रेनिंगला पुरून उरली.

निळ्या औषधावर माझा राग आहे तो याचमुळे. आधीच सगळं निळं करून ठेवलं तर लाली दिसणार कशी?

त्याच आठवड्यात आमचे हे पहाटे फिरायला गेले आणि उखडलेल्या गट्टूला ठेच लागून पडले. कोपर सोललं. मला न सांगता परस्पर हळद भरून मोकळे. वर मलाच, "तू त्याचा गुडघा कायले झाकून ठेवतं? हवा लागू दे ना त्याले!" मी हळदीवर बोलले की यांचं उत्तर तयार असतं, "माशेलकरांनी अमेरिकेशी भांडून हळद परत आणली, अन् तू तिले नावं ठेवतं." भांडण झालं होतं ते खरं. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने, म्हणजे केंद्र सरकारच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. अभिमान मलाही आहे. पण तो दावा जिंकला कशावर? तर हा उपयोग नवा नाही, आपल्या आज्या-पणज्यांना आधीपासून माहीत आहे, यावर. डब्यातली हळद धुतलेल्या गॉजपेक्षा चांगली, असं त्या निकालात कुठेही नाही. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते, तिची भुकटी जखमेत गोळा होऊन वाळते, आणि तिच्या पिवळ्या रंगाखाली लाली लपते ती लपतेच. हळद दुधात घालून प्या, मी कोण अडवणार. टूथपेस्ट, कॉफी पावडर, चुना आणि तंबाखू यांबद्दल तर बोलायलाच नको. चुना लावून आलेल्यांच्या साध्या खरचटण्याचं भाजणं झालेलं मी पाहिलं आहे.

यांचं कोपर भरायला अठरा-एकोणीस दिवस लागले, नातवाचा गुडघा नवव्या दिवशी गुलाबी झाला. यावरून मी घरात विजय जाहीर केला नाही. दोघांच्या वयात साठ वर्षांचं अंतर, यांना शुगर, आणि वर खर्रा. तंबाखूतल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी पोचतं. शुगर वाढलेली असली की जखम चिघळायला निमित्तच मिळतं. अशा माणसाच्या पायाला नुसतं खरचटलं तरी मी ते साधं मानत नाही. पायाला मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल तर रोज रात्री दिव्याखाली तळवा बघायचा आणि दोन दिवसांत सुधारणा दिसली नाही तर डॉक्टरांना दाखवायचं.

मलमांबद्दल थोडं. साध्या, स्वच्छ धुतलेल्या खरचटण्याला अँटिबायोटिक मलम लागतच नाही, व्हॅसलिनने भागतं. आपल्या घराघरांत जी अँटिबायोटिकची ट्यूब असते, तिच्यातल्या औषधाने काहींना खाज सुटते, बारीक पुरळ उठतं. लोकांना वाटतं जखम चिघळली, म्हणून तीच ट्यूब आणखी लावतात. याहून वाईट म्हणजे मेडिकल स्टोअरमधून सहज मिळणाऱ्या चार-चार औषधं मिसळलेल्या ट्यूबा, खाज-गजकर्णासाठीच्या. त्यांत स्टिरॉइड असतं. स्टिरॉइडने जखम भरायची ती रेंगाळते. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा, चष्मा लावून वाचा.

आणि ते इंजेक्शन. "सिस्टर, टीटी द्या" म्हणत दर महिन्याला येणारी माणसं मला आठवतात. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, त्यामुळे भीती खोटी नाही. पण प्रत्येक खरचटण्याला सुई लागत नाही. लहानपणीचे डोस पूर्ण असतील तर स्वच्छ, किरकोळ जखमेला शेवटच्या डोसला दहा वर्षं उलटली असली तरच, आणि माती-शेणाने माखलेल्या जखमेला पाच वर्षं उलटली असली तर. सरकारी लसीकरणात पाच-सहा वर्षांच्या वयाला बूस्टर असतो, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी. आता टीटीच्या जागी टीडी देतात, त्यात घटसर्पाचंही संरक्षण मिळतं. नातवाचं कार्ड कपाटात होतं, बूस्टर झालेला होता, सुई टळली. यांचं कार्ड नाही आणि शेवटचा डोस कधी घेतला तेही आठवेना. पडले होते ते गाई बसतात त्या कोपऱ्यावर. यांना मी त्याच दिवशी घेऊन गेले. मुकाट्याने आले.

एक गोष्ट मात्र या सगळ्यापेक्षा वेगळी. आमच्या नंदनवन वस्तीत रात्री उशिरा गाड्यांमागे कुत्री लागतात, इतर भागांतही तेच. कुत्र्याच्या भीतीने गाडी घसरून खरचटलं तर ते खरचटणं. पण दात किंवा नख लागलं असेल, रक्त आलेलं नसलं तरी, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुवायचं, पट्टी बांधायची नाही, तिखट-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. ओरखडाच तर आहे, असं म्हणून थांबू नका.

बरी झालेली जागा पुढे काही महिने उन्हात काळी पडते, हेही कोणी सांगत नाही. गुलाबी कातडी कोवळी असते. डिसेंबरचं ऊन सोसेल, पण नागपूरचा एप्रिल येईपर्यंत ती जागा बाहीखाली ठेवावी किंवा सनस्क्रीन लावावं.

तर आता पेटी. नातवाच्या शाळेचं नाव लिहीत नाही, बाई भल्या आहेत आणि त्यांना ओरडा बसावा असा माझा हेतू नाही. मी दुसऱ्या आठवड्यात भेटायला गेले आणि प्रथमोपचाराची पेटी बघू द्या म्हटलं. भिंतीवर छान लाल फुलीची पेटी, तिला कुलूप. किल्ली शिपाईमामांकडे, शिपाईमामा लग्नाला गावी गेलेले. नातू पडला त्या दिवशीही असंच झालं होतं म्हणे. निळी बाटली आणि कापूस स्टाफरूमच्या कपाटातून आले होते. दोन दिवसांनी पेटी उघडली तेव्हा आत सुटा कापूस, स्पिरिट, मुदत संपलेलं एक मलम, दोन गोल पट्ट्या आणि परीक्षेचे रबरबँड निघाले.

मी बाईंना एका कागदावर लिहून दिलं: साबणाची वडी, झाकणाचा मग, पाकिटबंद गॉज, न चिकटणाऱ्या जाळ्या, कागदी चिकटपट्टी, व्हॅसलिनच्या लहान ट्यूबा, चिमटा, कात्री, हातमोजे. सुटा कापूस नाही, त्याचे धागे जखमेत राहतात. निळं औषध नाही. आणि मैदानाजवळचा नळ चालू हवा, कारण पेटीच्या आधी तोच लागतो. शाळांच्या मुख्याध्यापकांनी स्पर्धांच्या आधी आपापली पेटी एकदा उघडून बघावी, एवढ्यासाठीच आपल्या वृत्तपत्रातून ही विनंती.

गुडघा बरा आहे. शनिवारी पोत्याच्या शर्यतीत तिसरा आला. पेटीची किल्ली आता बाईंच्या टेबलाच्या खणात असते, असं तो सांगतो, पण मैदानावरचा नळ अजून गळतोच आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
नंदनवन, नागपूर